एकाच बादलीतल्या दोन बाटल्या

भुताखेतांवर माझा कवडीचा विश्वास नाही. मी केमिस्ट माणूस... जे तोलता येतं, मोजता येतं तेवढंच खरं, असं म्हणत अख्खी नोकरी काढली. आजही तेच म्हणतो. लोक हसतील म्हणून ही गोष्ट इतकी वर्षं सांगितली नाही, असं लिहिणार होतो — पण ते खोटं आहे. लाज वाटते म्हणून सांगितली नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरच्या एका छोट्या पाणी तपासणी लॅबमध्ये मी नवाच लागलो होतो. हाताखाली रामटेकेभाऊ — पदाने अटेंडंट, वयाने वडिलांएवढे, आणि खरं तर काम त्यांनीच मला शिकवलेलं. त्यांचा एक नियम होता. ज्या विहिरीचं पाणी घ्यायचं, त्याच पाण्याने आधी बाटली तीनदा खंगाळायची. मी दौऱ्यावरून आलो की चहाच्या आधी हा प्रश्न यायचा, "तीनदा खंगाळली ना, साहेब?"

पोळा झाल्यावर एटापल्लीकडचा दौरा लागला. यादीत दोन विहिरी होत्या. एक रेस्ट हाऊसच्या आवारातली, दुसरी आत जंगलातल्या एका गावाची. गावाचं नाव लिहीत नाही. तिथले मडावीभाऊ मला न्यायला तीन कोस चालत रेस्ट हाऊसवर आले होते.

"सायेब, माया पोरीचे पाय वाकून राह्यले. अजून चार लेकरायचं तसंच हाय. पाण्यात काई हाय का, तेवढं पाहून द्या."

वाटेत नाला होता, कमरेएवढ्या पाण्याचा. माझे बूट नवे होते. हो, बूट! "उद्या सकाळी येतो," म्हणालो. "मी नाल्यापाशी उभा राहीन," म्हणून ते परत गेले.

सकाळी मी रेस्ट हाऊसच्या विहिरीतून एक बादली काढली आणि तिच्यातूनच दोन्ही बाटल्या भरल्या. एकीवर रेस्ट हाऊसचं लेबल, दुसरीवर त्या गावाचं. बुचं बसवली, चिकटपट्टी लावली आणि दहाची बस धरली. बाटल्या मात्र नियमाप्रमाणे तीनदा खंगाळल्या होत्या!

लॅबमध्ये फ्लोराइड तपासायला घेतलं; पिण्याच्या पाण्यात ते जास्त असलं की पोरांची हाडं वाकतात. सोडियम फ्लोराइडची पांढरी पूड तोलून डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवली, त्यातून कमी-जास्त ताकदीची द्रावणं केली आणि उंच काचनळ्यांत ओळीने लावली. शेजारी माझे दोन नमुने. सगळ्यांत सारखंच लाल रसायन घातलं. फ्लोराइड नसेल तर रंग गुलाबी राहतो, जास्त असेल तर पिवळा पडतो. तासभर थांबायचं आणि रंग जुळवून पाहायचे.

तासाने पाहिलं. रेस्ट हाऊसची नळी गुलाबी होती. गावाची... पिवळीजर्द. माझ्या सगळ्यात कडक द्रावणापेक्षाही पिवळी.

एकाच बादलीतलं पाणी! मी नळ्या धुतल्या, पूड नव्याने तोलली, दोन्ही बाटल्यांतलं पाणी पुन्हा घेतलं. तेच. दुसऱ्या दिवशी लेबलं झाकून रामटेकेभाऊंना करायला सांगितलं; त्यांनी पिवळं पडणारं पाणी पातळ करून नेमका आकडा काढला आणि आपल्या वहीत लिहिला. तेच.

"खराबच हाय पाणी, साहेब. लिवून टाका."

"रसायन बिघडलं असेल."

"तीनही डाव? काऊन नाई पटून राह्यलं तुम्हाले?"

ते पाणी त्या गावाचं नव्हतंच, हे फक्त मला माहीत होतं. रिपोर्टवर लिहिलं, दोन्ही विहिरी पिण्यायोग्य. उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं, नळ सोडला, हात धुतले.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका केमिस्टने त्या गावाचं पाणी आणलं. खरं, त्या विहिरीतलं. रामटेकेभाऊंनी त्यांची जुनी वही काढली आणि आकडे शेजारी ठेवले. "हे तं तेच आलं, साहेब. तुमच्या बाटलीतलंच." दशांशापर्यंत तेच होतं.

विहीर बंद करायला माणसं गेली, तेव्हा रामटेकेभाऊ आणि मीही गेलो. मडावीभाऊंनी मला लगेच ओळखलं. मागे त्यांची पोरगी भिंत धरून उभी होती. तिचे पाय मी पाहिले आणि मान खाली घातली.

"मी नाल्यापाशी दुपारपर्यंत वाट पाह्यली, सायेब," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "मंग वाटलं, तुमी दुसऱ्या वाटेनं येऊन पाणी नेलं असन. कागद आला ना, पाणी चांगलं हाय मनून. मंग तेच पाजत राह्यलो तिले."

रामटेकेभाऊ शेजारीच उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

ते पाणी माझ्या बाटलीत कसं आलं, याचं उत्तर आजही माझ्याजवळ नाही. रंग उडवणारा क्लोरीन, खराब काच, बाटल्यांची अदलाबदल, सगळं तपासून झालंय. कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा. मात्र तेव्हा मी खरा आकडा लिहिला असता, तर ती विहीर दोन वर्षं आधी बंद झाली असती. एवढं गणित मला येतं.

रामटेकेभाऊ त्यानंतर पाच वर्षांनी रिटायर झाले. तोवर मी कितीतरी दौऱ्यांवरून बाटल्या आणल्या. त्यांनी त्या मुकाट्याने हातातून घेतल्या, मला चहा आणून दिला... पण "तीनदा खंगाळली ना?" असं पुन्हा कधीच विचारलं नाही.