दुर्गचा जोड

बातमी हिंदीत आली. कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवत होतो, आमच्या भिलाईच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'पिंपले जी नहीं रहे.' मी घास तोंडात घालता घालता विचार केला, कोण हे पिंपले? चेहरा आठवेना. हळहळ वाटल्याची खूण म्हणून हात जोडल्याचं चित्रही पाठवून दिलं. मग खाली दुसऱ्यानं पत्ता टाकला, दुर्ग, स्टेशनमागची गल्ली... आणि हातातली पोळी तशीच राहिली. पिंपळे. मनोहरभाऊ पिंपळे. इकडच्या हिंदी कागदांवर आमच्या माणसांचा ळ टिकत नाही. काळेंचे काले होतात, मुळेंचे मूले. मनोहरभाऊंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. 'ळ घरी जेवाले, ल बाहेर कमवाले,' असं म्हणायचे. पण ज्या माणसानं मला हे शिकवलं, त्याच्याच मरणाच्या बातमीत मी त्याला ओळखलं नाही, हे मला अजून सोसत नाही.

कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात मी लागलो तेव्हा ते माझे वरिष्ठ होते. त्यांचे वडील रेल्वेत, नागपूरकडून बदली होऊन दुर्गला आलेले. निवृत्तीनंतर मनोहरभाऊ टाउनशिपचं क्वार्टर सोडून वडिलांच्या त्या घरात राहायला गेले. स्वभावानं हट्टी. मीटिंगमध्ये दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नसत, आणि स्वतःचंही क्वचितच पुरं करत. मी भिलाईत सेक्टर दहामध्ये, ते दुर्गला. स्कूटरवर बसलं की चहा निवायच्या आत पोचावं, इतकं अंतर. हे अंतर मुद्दाम सांगतो आहे.

मंडळाची रक्तदात्यांची यादी हे आमचं दोघांचं वेड. एकदा मंडळातल्या एका बाईंच्या ऑपरेशनला रक्त लागलं. आमच्या भिलाईच्या यादीत तो गट नव्हता. दुर्गच्या रेल्वेवाल्या घरांची यादी मनोहरभाऊंच्या कॉम्प्युटरवर वेगळी. माझ्याकडे तिची एक जुनी नक्कल होती. तिच्यातला त्या गटाचा माणूस केव्हाच बिलासपूरला गेलेला आणि फोनही बदललेला. रक्त मिळालं, पण धावाधाव फार झाली. तेव्हा ठरलं की दोन्ही याद्या फोनवर एकत्र दिसतील असं ॲप करायचं. हल्ली झटपट ॲप बनवायची साधनं निघाली आहेत. पडद्यावर चौकटी ओढून टाकायच्या, कोड थोडाच लिहायचा. मी ते शिकलो होतो. बाहेरचा डेटाबेस घ्यायचा असला की ते साधन विचारतं, आयात करायचा की जोडायचा? आयात म्हणजे सगळी यादी एकदाच उचलून आपल्याकडे आणणं. जोडणं म्हणजे यादी तिथंच राहते; आपलं ॲप प्रत्येक वेळी तिचं दार वाजवतं, पासवर्ड सांगतं आणि आत जाऊन बघून येतं. मला आयात सोपी वाटत होती. मी तसं म्हणालो.

'मंग पुन्हा शिळं खाशील,' मनोहरभाऊ म्हणाले. 'कॉपी म्हणजे पाहुण्याचा फोटो, लेका. भिंतीवर लावला का झालं, तो जेवला का उपाशी आहे, तुले काय समजते? जोड म्हणजे येणंजाणं. येणंजाणं पाहिजे.'

'पण तुमच्याकडची लाईट गेली की दुर्ग गायब होईल, भाऊ.'

'होऊ दे. तुले समजन तरी का दुर्गले अंधार आहे.'

दर रविवारी मी जायचो. त्यांच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर कायम दोन खुर्च्या असत. एकट्यानं कॉम्प्युटरवर बसलं की डोकं सडतं, हे त्यांचं मत. शकूवहिनी आतून बेसनाच्या पाटोड्यांचा वास सोडून द्यायच्या, म्हणजे काम आपोआप आटपायचं. याद्या जोडल्या तेव्हा ळ आणि ल यांचा घोटाळा झाला. एकच माणूस दोनदा दिसू लागला. मी म्हटलं, दुर्गची यादी सुधारून टाकू. ते माझ्यावर उखडले. 'लोकायचं नाव आहे ते, त्यायच्या हातानं लिवलेलं. आपल्याले जोडाचं आहे, सुधाराचं नाही.' मग मी ॲपमध्येच तशी सोय केली, की दोन्ही अक्षरं एकच धरावीत. ते खूश झाले. 'आता खरं मराठी झालं पाह्य,' म्हणाले.

मग त्यांना पोटाचा आजार झाला. सुरुवातीला मी दोन-तीनदा जाऊन आलो. शेवटच्या वेळी ते खुर्चीच्या एका कोपऱ्यात मावले होते. मी परत निघालो आणि स्कूटर पावर हाउसच्या बाजारात थांबवून उगीचच भाजी घेत बसलो. घरी जाऊन बायकोला काय सांगावं ते सुचेना. त्यानंतर गेलो नाही. खोटं कशाला लिहू, वेळ नव्हता असं नाही. मला बघवत नव्हतं. फोन करायचो, ते 'ठीक आहे' म्हणायचे, आणि मी ते खरं मानायचो, कारण मला ते सोयीचं होतं.

एका दुपारी त्यांचाच फोन आला.

'दिलीपसाहेब, जोड तुटला तुमचा. ॲपात दुर्ग दिसून नाही राहिलं.'

'लाईट गेली का भाऊ?'

'लाईट आहे. मी पासवर्ड बदलला.'

'कावून?'

'सुरक्षेसाठी. तूच लोकायले सांगत फिरते ना, बदलत राहा म्हणून.'

'मग नवीन सांगा, टाकतो.'

'फोनवर पासवर्ड सांगत नसतात. हाही तुमचाच नियम आहे, साहेब. इथं ये, पाहून जा काय ते.'

माझ्याकडे ऑडिट चालू होतं. ते निमित्त हाताशी होतंच. मी म्हणालो, 'भाऊ, आपल्या दोघांचं कोण ऐकून राहिलं? सांगा ना.' 'लिव मंग,' म्हणत ते एकेक इंग्रजी अक्षर सांगू लागले. 'वाय... ई... यू...' मधे थांबत होते. मी 'पुढं? पुढं?' म्हणत होतो. पडद्यावर प्रत्येक अक्षराचा एक काळा ठिपका उमटत होता. शेवटी पुन्हा वाय. मी बटण दाबलं आणि दुर्गची सगळी नावं भराभर खाली उतरली.

'जमलं भाऊ!' मी ओरडलोच. 'आता यायचं कामच नाही उरलं!'

'हो का,' ते म्हणाले. 'चांगलं झालं.'

फोन ठेवता ठेवता मागून वहिनींचा आवाज आला, 'येऊन राहिला का तो?' आणि त्यांचा, 'नाही. त्याचं तिथूनच जमलं.'

मी त्या दिवशी खूश होतो. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

तेरवी झाल्यावर मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, आता दुर्गची यादी आयात करून घ्या, तो घरचा कॉम्प्युटर बंद करू, वहिनींना कशाला त्रास. बरोबरच होतं. मी बसलो. जोडणीची खिडकी उघडली. तिथं पासवर्डच्या ठिपक्यांशेजारी डोळ्याचं एक चित्र असतं. त्यावर दाबलं की ठिपक्यांची अक्षरं होतात. मला तो पासवर्ड आठवत नव्हता, म्हणून दाबलं. पहिल्यांदा वाटलं, कुठल्यातरी यंत्राचं नाव असावं. आकडा नाही, चिन्ह नाही. असला कच्चा पासवर्ड आम्ही विभागात चालवून घेतला नसता आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मग मी तो ओठात म्हणून पाहिला. येऊन जाय. इंग्रजी अक्षरांत, आमच्या नागपुरी बोलीत, येऊन जाय... त्यांनी मला ते एकेक अक्षर करून सांगितलं, आणि मी 'पुढं, पुढं' म्हणत टाइप केलं.

आयात केली नाही. स्कूटर काढली. वहिनींना पासवर्ड काय होता ते सांगितलं.

'मले माहीत होतं,' त्या म्हणाल्या. 'हे म्हणे, आज येतेच पाह्य दिलीप, जोडच तोडला मी. मी पाटोड्याही थापल्या होत्या.'

'रागावले असतील, वहिनी.'

'कायचे रागावते! हसले. म्हणे, पोट्टं जास्तच शिकलं.' पदरानं डोळे पुसून त्या पुढं म्हणाल्या, 'तुह्या वाट्याच्या दोन जास्तीच्या खाल्ल्या त्यायनं त्या दिवशी. तेवढं तरी समाधान घे.'

मला ते समाधान घेता आलं नाही. पण त्या खोटं बोलत नव्हत्या, हेही कळलं.

अध्यक्षांना मी सांगितलं, यादी दुर्गलाच राहील, मी जाऊन बघत जाईन. वहिनी रोज सकाळी देवाजवळ दिवा लावल्यावर कॉम्प्युटर सुरू करतात. दोन्ही खुर्च्या जागच्या जागी आहेत. कधी दुपारी ॲपमध्ये दुर्ग दिसेनासं झालं की मी आधी फोन करतो, 'लाईट गेली का वहिनी?'

हा लेख छापून आला की तो पासवर्ड सगळ्यांच्या हाती पडेल, म्हणून गेल्या रविवारी बदलायला गेलो. त्यांची खुर्ची तशीच ठेवली, माझ्या खुर्चीत बसून कीबोर्ड ओढून घेतला. नवीन काय ठेवला ते इथं लिहिता येत नाही, फोनवर तर नाहीच. एवढंच, की तो त्यांच्या बोलावण्याला दिलेलं उत्तर आहे. वहिनी मागं उभ्या राहून एकेक ठिपका उमटताना पाहत होत्या.

'जुडला?'

'जुडला.'

'मंग उठू नको लगेच,' त्या म्हणाल्या. 'बेसन भिजवते.'