भात्याविना पेटी

आमच्या मामांइतक्या, म्हणजे आत्याच्या यजमानांइतक्या, निष्ठेनं निराश होणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. लोक नशिबाला बोल लावतात, मामा विजेला लावत. निजामी अमदानीची अखेरची वर्षं होती. मामा औरंगाबादेत तारघरात होते. मीही पिशोरहून येऊन तिथंच कारकून म्हणून चिकटलो होतो आणि राहायला त्यांच्याचकडे होतो. आत्या पेटी फार सुरेख वाजवायची. पण अर्धांगाच्या झटक्यानं तिचा डावा हात लुळा पडला आणि भाता मारायचा कोणी, हा प्रश्न आला. मी म्हणालो, "मामा, तुम्हीच मारा की." मामा उसळले, "म्हंजे एक सूर काढायला तिनं माझी वाट बघायची? आन् मी दफ्तरात असलो मंग?" झालं, विजेवर वाजणारी पेटी करायचं त्यांनी मनावर घेतलं.

युक्ती सोपी होती, निदान मामा सांगत तेव्हा तरी सोपी वाटे. रेडिओचा एक व्हॉल्व्ह, एक कॉइल, दोन कंडेन्सर आणि कथलाचे चार डाग, की झाला एक सूर तयार. असे बारा जमले की सप्तक. महायुद्ध संपून छावणीत लष्करी रेडिओंचं भंगार निघालं होतं. शुक्रवारच्या सुट्टीला मामा तिथून पिशवीभर माल आणत. भंगारवाले चाचा एकदा म्हणाले, "इत्ते वाल्वां कायकू होना साब? खेत में बोते क्या?" मामांना ते इतकं लागलं की त्या दिवशी ते जेवले नाहीत. घरात मात्र डाळीच्या डब्यात हात घातला तरी कॉइल हाती येई. पहिला सूर निघाला तो ऐकून कोणीतरी चुगली केली आणि हे चोरून बातम्या धाडायचं यंत्र असावं म्हणून पोलिसांचे अमीनसाहेब दोन जवान घेऊन दारात उभे राहिले. त्यांनी स्वतः पट्टी दाबून पाहिली, आवाज ऐकला आणि जाताना आत्याकडे बघून हळहळले.

खरं दुखणं वेगळंच होतं. मामांना सुराचा कान अजिबात नव्हता. आत्यानं सा लावायचा आणि तिची मान हलेपर्यंत मामांनी कंडेन्सर फिरवायचा, अशी रीत. दुपारी सगळं जुळे. संध्याकाळी गावात दिवे लागले की विजेचा दाब उतरे आणि सूरही उतरत, तेही प्रत्येक आपापल्या मर्जीनं. मामांना ते आत्याच्या चेहऱ्यावरूनच कळे. मग पुन्हा सगळं उसकटायचं. असं तीन वर्षं चाललं. एकेक करून व्हॉल्व्ह गेले, छावणीतलं भंगार संपलं आणि एका शुक्रवारी एकच सूर जिवंत उरला. मामा भिंतीला टेकून बसले. "हरलो मी," ते म्हणाले. "तुला एक पेटी देता आली नाय." मला तिथं बसवेना आणि उठून जाववेना.

उजव्या हातानं आत्यानं तेवढी एक पट्टी दाबली आणि त्या सुरावर एक जुनं भजन धरलं. तोवर बाहेर दिवे लागले. सूर नेहमीसारखा घसरू लागला आणि आत्या त्याच्याबरोबर खाली खाली उतरत गेली, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. शेवटचं कडवं तर तिनं अशा खर्जात म्हटलं, की तिचा गळा दुखला असेल.

मामा ताडकन उठले. "आज नाय पडला सूर! ऐकलंस का रे?"

आत्या माझ्याकडे बघत होती.

"व्हय मामा," मी म्हणालो, "जागचा हलला नाय."