नवऱ्याची सही

ताज्या रंगाचा वास आला की मला लंडनच्या हॅरो भागातल्या, घरं भाड्याने देणाऱ्या एजंटचं ऑफिस आठवतं. नवऱ्यापासून वेगळी होऊन मी माझ्यासाठी आणि लेकीसाठी भाड्याचा फ्लॅट शोधत होते. जॉइंट लोनचे हप्ते त्याने थकवले होते, म्हणून भाडेकरूची कर्जफेड तपासणाऱ्या क्रेडिट चेकमध्ये मीही नापास झाले होते. नुकत्याच रंगवलेल्या त्या खोलीत हीटर तापला होता, खिडक्या बंद होत्या. एजंट माझ्यासारखाच मूळचा पुण्याचा. मऊ आवाजात म्हणाला, "ताई, मिस्टरांना गॅरंटर म्हणून सही करायला सांगा, लगेच काम होईल." माझी कानशिलं तापली. "ज्याच्यामुळे माझं नाव खराब झालं, त्याचीच सही आणू? नाही आणणार. घरमालकिणीला फोन लावा, मी बोलते." तो कुरकुरला, पण मी खुर्चीवरून हललेच नाही. शेवटी त्याने फोन लावला. मी त्या म्हाताऱ्या बाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुमचा पगार कुठे जमा होतो?" "आता फक्त माझ्या अकाउंटला." "मग शनिवारी मुलीला घेऊन या, चावी देते." हल्ली ओळखीतल्या कुणा बाईला नवऱ्याची सही आणायचा सल्ला मिळाला, की मी सुट्टी काढते आणि तिच्या शेजारी एजंटसमोर जाऊन बसते.