कुसुमताईंचं ‘आज’

बिबवेवाडीतल्या ‘शेजार ग्राहक भांडारा’त डाळ-तांदूळ बारा महिने मिळतात, पण सभासदांची खरी झुंबड उडते ती ऋतूचं काही आलं की. थंडीत हुरडा, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीचे वाटे, श्रावणात वेल्ह्याकडच्या रानभाज्या, ऋषिपंचमीला बैलाची मेहनत न लागलेल्या भाज्या. दोनशे बारा घरांचं हे भांडार सभासदच चालवतात. निवडणं, वजन करणं, पिशव्या भरणं, सगळं पाळीपाळीनं होतं. आंब्याच्या अढीला मात्र पाळी नव्हती. अढी कुसुमताई रिसबूड यांची होती.

एप्रिल उजाडला की भांडाराच्या मागच्या खोलीत भाताचा पेंढा अंथरला जाई. कोकणातून आलेला कच्चा हापूस त्यात थराथरानं लावायचा, रोज वरचा खाली आणि खालचा वर करायचा, आणि रविवारी सकाळी अर्ध्या-अर्ध्या डझनाच्या कागदी पिशव्या भरायच्या. प्रत्येक पिशवीला एक चिठ्ठी टाचलेली असे आणि चिठ्ठीवर एकच शब्द: आज, उद्या किंवा परवा. म्हणजे आंबा कधी कापायचा ते. हापूस पिकायच्या दोन दिवस आधीपासूनच घमघमायला लागतो, त्यामुळे वासावर जाण्यात अर्थ नसतो. चिठ्ठी म्हणेल तेव्हा कापायचा, अशी भांडाराची रीत होती.

ती चिठ्ठी चौदा वर्षं कुसुमताईच लिहीत होत्या, आणि हिरव्या शाईनं लिहीत होत्या. जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं कारकुनी केली तेव्हा हिरवी शाई साहेबांची असे. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी हिरवं पेन आणलं आणि ते चालवायला त्यांना अढी मिळाली. वर रिसबूड मूळचे कोकणातले, तेव्हा आंब्याचं आम्हांला काय सांगता, असा एक भाव चेहऱ्यावर कायमचा. स्वतः त्या कोकणात दोनदा गेल्या होत्या, त्यांतल्या एकदा सहलीला.

तर अशा या राज्यात गेल्या वर्षी आबेदा बागवान सभासद म्हणून आल्या.

आबेदाबाई महापालिकेच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या, दोन इमारती पलीकडे राहणाऱ्या. त्यांच्या वडिलांचा मार्केट यार्डात फळांचा गाळा होता आणि लहानपणी शाळा सुटली की त्या तिथेच आंब्यांत बसून गृहपाठ करत. हे त्यांनी स्वतः कुणाला सांगितलं नव्हतं. भांडाराच्या अध्यक्ष सुशीलाबाईंनी ते शोधून काढलं आणि यंदा एप्रिलच्या बैठकीत जाहीर केलं की, कुसुमताई एकट्या किती करणार, आबेदाबाई त्यांच्या मदतीला येतील. कुसुमताई म्हणाल्या, “मी थकले असं कुणी म्हणालं का?” त्यावर सुशीलाबाईंनी पुढचा विषय घेतला.

कुसुमताईंची आंबा बघायची पद्धत अशी होती: उजेडात धरायचा, अंगठ्यानं दाबायचा, हुंगायचा, पुन्हा दाबायचा, आणि मग न्यायाधीशासारखं थोडं थांबून चिठ्ठी लिहायची. आबेदाबाई आंबा नुसता तळहातावर घेत, देठाशी नाक नेत आणि ठेवून देत. तेही गप्पा मारता मारता. चिठ्ठ्या त्या घरूनच लिहून आणत, निळ्या बॉलपेननं, शाळेच्या फळ्यावर शोभाव्यात अशा अक्षरात, तीन शब्दांचे तीन गठ्ठे. पहिल्याच दिवशी त्या फार अदबीनं म्हणाल्या होत्या की, कुसुमताई, दाबलेला आंबा तिथूनच काळा पडतो हो. कुसुमताईंनी त्यानंतर प्रत्येक आंबा दोनदा जास्त दाबला.

दुसऱ्या रविवारी अभय नावाचा एक संगणकवाला सभासद टेबलापाशी आला आणि पिशव्या मागेपुढे करू लागला. कुसुमताईंनी एक छान हिरव्या चिठ्ठीची पिशवी पुढे सरकवली. त्यानं थँक्यू म्हणून ती बाजूला ठेवली आणि खालून निळ्या चिठ्ठीची ओढून काढली. त्याच्यामागे श्रद्धा होती, कुसुमताईंच्याच इमारतीतली, चौथ्या मजल्यावरची. तिनंही निळीच घेतली. साडेअकराला निळ्या पिशव्या संपल्या आणि टेबलावर हिरव्या चिठ्ठीच्या एकोणीस पिशव्या उरल्या. त्या दिवशी कुसुमताई घरी गेल्या त्या न जेवता झोपल्या. त्यांना आबेदाबाईंचा हेवा वाटत होता, इतका की छातीत जळजळ होते म्हणून त्यांनी जेलुसिल घेतलं. या वयात आपल्याला असं व्हावं याची लाज वाटायला हवी होती, पण ती वाटली नाही. आबेदाबाईंचं अक्षर डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी त्या लवकर गेल्या. पिशव्या भरून झाल्या होत्या. बाहेर मुळशीकडून करवंदांच्या पाट्या उतरल्या म्हणून आबेदाबाई त्या बघायला गेल्या आणि मागच्या खोलीत कुसुमताई एकट्या राहिल्या. समोर निळ्या चिठ्ठीच्या अकराच पिशव्या रांगेत होत्या, सगळ्या ‘आज’च्या, आणि शेजारी आबेदाबाईंचे चिठ्ठ्यांचे गठ्ठे. कुसुमताईंनी अकरा टाचण्या काढल्या, ‘आज’च्या चिठ्ठ्या पदराखाली घेतल्या आणि त्या जागी आबेदाबाईंच्याच ‘परवा’च्या लावल्या. परवापर्यंत मे महिन्याच्या उकाड्यात त्या आंब्यांचं काय होणार हे त्यांना नीट माहीत होतं. अकरा घरांत अकरा माणसं आंबा कापतील, आत काळं निघेल, आणि पुढच्या रविवारी लोक मुकाट्यानं हिरव्या चिठ्ठीकडे वळतील. हिशेब सरळ होता.

आबेदाबाई बाहेर करवंदांत गुंतल्या होत्या, तोवर आंब्यांचं वाटप झालं. कुणी कुणी निळी नेली ते कुसुमताईंनी टेबलामागे उभं राहून डोळ्यांनी टिपलं. गेले तीन रविवार त्यांनी दुसरं काय केलं होतं?

दहाच जण मोजले गेले. अकरावी पिशवी कुणी नेली ते त्यांच्या नजरेतून सुटलं, ते त्यांना घरी आल्यावर कळलं. जेवणाच्या टेबलावर निळ्या चिठ्ठीची पिशवी होती आणि त्यांचे यजमान श्रीधरराव तिच्यासमोर पेपर वाचत बसले होते.

श्रीधररावांना सात वर्षांपासून मधुमेह आहे. डॉक्टरांनी मोसमात एक आंबा खायची परवानगी दिली आहे, एकच. तो एक आंबा दर वर्षी कुसुमताई निवडून आणत, स्वतः कापत आणि समोर बसून त्यांना खाताना बघत. हा त्या दोघांचा उन्हाळ्यातला सण होता म्हटलं तरी चालेल. यंदा नवऱ्यानं तो एक आंबा दुसऱ्या बाईकडून आणला होता. कुसुमताईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण काय बोलणार? बोलायला गेलं तर चिठ्ठीचा विषय निघणार.

दुपारभर घरात वास कोंडून राहिला. पंखा लावला तर तो वास झोपायच्या खोलीपर्यंत आला. चार वाजता कुसुमताईंनी पिशवीत हात घातला. आंबे नेमके होते, जसे व्हायला हवेत तसे, आणि उद्या ते तसे राहणार नव्हते. वर्षातला एक आंबा, तोही आपल्या हातानं नासवायचा, हे त्यांच्या मनाला पटेना. बाकीच्या दहा घरांचं त्यांना तेव्हा काही वाटलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

“अहो, आजच कापूया तो,” त्या म्हणाल्या. “परवापर्यंत थांबू नका.”

श्रीधररावांनी चष्म्यावरून पाहिलं आणि चिठ्ठीकडे बोट केलं. “परवा लिहिलंय.”

“लिहिलं असेल. मी बघितलाय आत्ता. मला कळतं की नाही आंब्यातलं?”

श्रीधररावांनी पेपरची घडी केली. इतकी वर्षं न बोललेली गोष्ट बोलायची की नाही, याचा विचार करताना ते नेहमी पेपरची घडी करतात.

“तुला कळतं,” ते म्हणाले. “पण तुझं ‘आज’ म्हणजे उद्या असतं. त्या पहिल्या वर्षी कुणाकडे तरी दोन आंबे डागळलेले निघाले, आठवतं? तेव्हापासून तू एक दिवस आधीच लिहितेस. भांडारात सगळ्यांना माहीत आहे ते. सगळे एक दिवस थांबतात. मी थांबायचो नाही, कारण तू समोर बसलेली असायचीस. सात वर्षं आंबट खाल्लाय.”

कुसुमताईंना ते खोटं वाटलं. नुसतं खोटं नाही, रचलेलं वाटलं. आबेदाबाईंचं पेंढ्यातून येऊन घरापर्यंत पोचलेलं कारस्थान वाटलं. चौदा वर्षं दोनशे घरं आपल्या चिठ्ठीला मान देतात, की मनातल्या मनात दुरुस्त करून घेतात, हे एका फोनवर कळण्यासारखं होतं. त्यांनी सुशीलाबाईंना लावला. आज सकाळी पहिली निळी पिशवी त्यांनीच नेली होती. कुसुमताई म्हणाल्या की, तुमच्या पिशवीवर चुकून परवाची चिठ्ठी लागलीय, आंबे तयार आहेत, आजच कापा.

“बरं झालं सांगितलंत,” सुशीलाबाई मायेनं म्हणाल्या. “उद्या कापते हं.”

“आज, सुशीलाबाई.”

“हो हो, कळलं मला. उद्या सकाळीच कापते.”

कुसुमताईंनी फोन ठेवला. आतापर्यंत आबेदाबाईंनी आपलं काहीतरी घेतलं म्हणून त्या जळत होत्या. घेण्यासारखं तिथं काही नव्हतंच, हे समजल्यावर जळजळ कमी व्हायला हवी होती. ती दुप्पट झाली. त्या बाईला महिन्याभरात जे मिळालं होतं ते आपल्याला चौदा वर्षांत एकदाही मिळालं नव्हतं. आणि आता दहा घरांतले आंबे वाचवायचे, तर कुसुम रिसबूड यांनी ‘आज’ म्हणून भागणार नव्हतं. दहाच्या दहा जण उद्या कापणार होते.

आंबे नासू द्यावेत असं त्यांच्या मनात आलं. दोनदा आलं. पण स्वयंपाकघरात श्रीधरराव पिशवी उचलून परवासाठी फडताळात ठेवत होते, तो आवाज त्यांनी ऐकला आणि श्रद्धाचा नंबर लावला.

“श्रद्धा, निळ्या चिठ्ठीचे आंबे आजच काप,” त्या म्हणाल्या. मग उरलेलंही सांगितलं. “आबेदाबाईंनी आजच लिहिलं होतं. ती चिठ्ठी मी बदलली. मुद्दाम बदलली.”

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. कुसुमताईंनी डोळे मिटले. आता श्रद्धा का म्हणून विचारणार, चिडणार, उद्या सगळ्या इमारतीला सांगणार, या सगळ्याची त्यांनी तयारी केली. निदान कुणीतरी आपल्यावर रागावणार होतं.

“म्हणजे आबेदाबाईंचं ‘आज’ आहे ना?” श्रद्धानं विचारलं.

“हो. त्यांचं.”

“मग आत्ताच कापते,” श्रद्धा म्हणाली आणि तिनं फोन ठेवलासुद्धा.