पंप थांबेना

जहाजावरच्या संडासातली घाण पाण्याने वाहून जात नाही, हवा ती ओढून नेते. त्यासाठी पाइपांतली हवा पंपाने सतत उपसून ठेवावी लागते, आणि कुठे बारीकशी फट पडली की पंप बिचारा थांबतच नाही. आमचा आधी जरा जास्त वेळ चालायला लागला होता, आणि आता तीन दिवस थांबलाच नव्हता. तो जळाला असता तर बावीस माणसांनी जायचं कुठे?

मी आणि आमचे फिटर परब एकेका मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करून दाबाच्या काट्याकडे बघत होतो. आमच्याच मजल्याचा बंद केला तेव्हा काटा घसरायचा थांबला. मग एकेक केबिन. भांड्यापाशी गुडघे टेकायचे, कान लावायचा, उठायचं. दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागले. माझी केबिन मी आधीच वगळली होती.

"माझ्याकडे काही नाही हो परब, असतं तर मला कळलं नसतं का?"

शेवटी तीच उरली. परब दारातच थबकले. "साहेब, शिट्टी वाजतेय की!"

मी श्वास रोखून ऐकलं. होती. अगदी बारीक. दोन महिने मी तिच्या सोबतीने झोपत होतो, जहाजाचाच आवाज समजून.

परबांनी झडपेचं रबर बदललं आणि खाली पंप गप्प झाला. मी तसाच पलंगावर बसून राहिलो. हल्ली बायको फोनवर नुसतं "बरं आहे" म्हणते. तेही मी वयाचं समजून सोडून दिलं होतं.