टाकळा एक की दोन

आमच्या लॅबमध्ये एवढे किस्से का साठले, याचं कारण अगदी साधं आहे. कागदावर रस चढायला वेळ लागायचा.

आता हे काम यंत्रं करतात. पानाचा तुकडा द्या, डीएनए वाचून घ्या, कोण कुणाचा भाऊ ते कळतं. आमच्या काळी, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत, माटुंग्याच्या आमच्या कॉलेजात ते असं चालायचं: पानं वाटून स्पिरिटमध्ये अर्क काढायचा, त्याचा एक थेंब गाळणकागदाच्या पट्टीवर ठेवायचा आणि ती पट्टी काचेच्या बरणीत टांगायची. तळाशी ब्यूटेनॉल नावाचं उग्र वासाचं रसायन. ते हळूहळू कागदावर चढायचं आणि जाताजाता अर्कातले घटक वेगवेगळ्या उंचीवर सोडत जायचं. मग कागद वाळवून वर एक फवारा मारला की जांभळे ठिपके उमटत. प्रत्येक वनस्पतीची ठिपक्यांची नक्षी वेगळी.

बरणीत कागद टांगला की तासन्‌तास बसून राहण्याखेरीज काम नसे. मग गप्पा.

आम्ही चौघं. नेरूरकर सर आमचे गाइड. दादरला राहायचे, वर्षभर काळा कोट. दुसरे सुदाम मोरे, परळच्या चाळीतले, वडील गिरणीत मागावर, साचेवाले. तिसरी ॲग्नेस, खोताच्या वाडीतली. लॅबमधल्या सगळ्या बरण्या तिच्या आईच्या लोणच्याच्या होत्या. आणि चौथी मी, कुंदा, गिरगावातली.

आमचा विषय टाकळा. हो, पावसाळ्यात रस्त्याकडेला उगवतो तोच, भाजीचा. त्याचे दोन प्रकार दिसतात, एकाच्या शेंगेचा देठ आखूड आणि एकाचा लांब. मोठमोठ्या पुस्तकांत दोघांना एकच जात मानलेलं होतं. सरांना वाटायचं, या दोन जाती आहेत. मोरे त्यावरच पीएच.डी. करत होते.

मी सरांना पहिल्याच दिवशी विचारलं होतं, देठ मोजले की झालं, एवढा खटाटोप कशाला?

सर म्हणाले, "देठ ऊनपाण्यानं बदलतो. रसातली रसायनं आईबापांकडून येतात."

*

ब्यूटेनॉलचा वास अंगाला चिकटायचा. साबणानं जायचा नाही. ट्राममध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नसे, ते मला बरंच वाटायचं.

मोऱ्यांना मात्र तो महागात पडला. दारूबंदीचा अंमल कडक होता. लॅबच्या स्पिरिटलासुद्धा परवाना लागायचा. एका संध्याकाळी मोरे घरी जायला निघाले. सरांनी दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी काही कागद घरी वाळवायला दिले होते आणि पिशवीत अर्काची एक बाटलीही होती. परळ नाक्यावर हवालदारानं त्यांना थांबवलं.

"तोंड उघडा."

मोऱ्यांनी तोंड उघडलं. हवालदारानं वास घेतला आणि जरा गोंधळला. तोंडाला वास नव्हता, शर्टाला होता.

"पिशवीत काय?"

मोऱ्यांनी बाटली काढली. आत हिरवंगार पाणी.

"हे काय आहे?"

"टाकळ्याचा अर्क आहे."

हवालदारानं बाटली उजेडाकडे धरली, हलवली, हुंगली. म्हणाला, "काजूचा ऐकला होता, मोसंबीचा ऐकला होता. टाकळ्याचापण काढायला लागलात?"

चौकीवरून कॉलेजला फोन आला. सर जातीनं सोडवायला गेले. फौजदारासमोर त्यांनी सगळा प्रयोग सविस्तर समजावून सांगितला, अगदी ठिपक्यांपर्यंत. फौजदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मोऱ्यांना सोडून दिलं. निघताना हवालदार मोऱ्यांच्या कानाशी आला.

"पण साहेब, चढते का?"

मोरे म्हणाले, "चढते. कागदावर."

*

ठिपक्यांचंच आणखी एक.

एका सकाळी सर कागद हातात घेऊन जवळजवळ धावतच आले. फवारा मारल्यावर कागदाच्या कडेला पाच जांभळे ठिपके उमटले होते, एका ओळीत. असे ठिपके आम्ही कधीच पाहिले नव्हते. आखूड देठाच्या टाकळ्यात नाहीत, लांब देठाच्यात नाहीत, कुठल्याच पुस्तकात नाहीत.

सर उभ्याउभ्याच बोलत होते. हा तिसराच प्रकार असेल. कदाचित दोघांचा पूर्वज. मोऱ्यांच्या प्रबंधाला वेगळं प्रकरण जोडावं लागेल. मोरे गप्प होते, कारण वेगळं प्रकरण म्हणजे आणखी एक पावसाळा.

ॲग्नेसनं कागद टेबलावर पसरला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "सर, जरा तुमचा उजवा हात द्या."

तिनं सरांचा पंजा धरून कागदावर टेकवला. पाच बोटं पाच ठिपक्यांवर बरोब्बर बसली.

कागद चिमट्यानंच धरायचा, बोटांच्या घामातही तीच रसायनं असतात, हे सर स्वतःच आम्हाला रोज बजावायचे.

सरांनी पंजा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे नात्यात मी निघालो तर."

*

पुढचा किस्सा मोऱ्यांच्या तोंडून ऐकलेला. मी त्या दिवशी गिरगावातच अडकले होते, कारण गुजरातबरोबरचं द्विभाषिक राज्य नको म्हणून सगळी मुंबई बंद होती.

ठिपक्यांबरोबर आम्ही गुणसूत्रंही पाहायचो. त्यासाठी बी रुजवून कोवळ्या मुळांची टोकं कापावी लागतात, तीही सकाळी ठरावीक वेळेला. तेव्हाच पेशी एकाच्या दोन होत असताना सापडतात. हरताळाच्या आदल्या दिवशी नेमकं बियांना मोड आले. लांब देठाचा टाकळा तोवर आम्हाला मुंबईत सापडला नव्हता; त्याचं बी एका ओळखीच्या माणसानं मोठ्या मिनतवारीनं सुरतेहून आणलं होतं. पुन्हा मिळायची खात्री नव्हती.

मोरे परळहून पायी निघाले, दादरला सरांना बरोबर घेतलं आणि दोघं माटुंग्याकडे चालू लागले. वाटेत बिल्ले लावलेल्या स्वयंसेवकांनी अडवलं.

"मास्तर, आज कॉलेज बंद आहे."

सर म्हणाले, "ठाऊक आहे. पण मुळं कापायची आहेत."

"कसली?"

"टाकळ्याची. एक टाकळा आपल्याकडचा आहे, एक गुजरातेतून आणलाय. पुस्तकवाले म्हणतात, दोन्ही एकच, एकत्र ठेवा."

स्वयंसेवकांचा म्होरक्या पुढे आला. "आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो वेगळे आहेत. चार वर्षं तेच सांगतोय. उगाच एकत्र बांधून ठेवण्यात काही अर्थ नाही."

म्होरक्यानं वळून मागच्यांना सांगितलं, "वाट द्या रे. आपला माणूस आहे."

चार जण सरांना कॉलेजच्या फाटकापर्यंत पोचवून गेले. मुळं वेळेवर कापली गेली. गुणसूत्रांची संख्या दोन्ही टाकळ्यांत वेगळी निघाली, आणि ती पहिल्यांदा आम्हाला त्या दिवशीच्या मुळांत दिसली.

काचपट्ट्या तयार करताना सरांनी मोऱ्यांना विचारलं, "त्या माणसाला वनस्पतिशास्त्राची बरीच जाण दिसली. कुठल्या कॉलेजचा असेल?"

*

ॲग्नेसच्या घरी तिच्या कामाची काळजी होती. काम उत्क्रांतीचं, हे तिच्या वडिलांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी ते चर्चच्या फादरना सांगितलं. फादर म्हातारे आणि समजूतदार. म्हणाले, मी स्वतःच जाऊन बघतो.

एक दिवस ते लॅबमध्ये आले. पांढरा झगा, हातात छत्री. ॲग्नेसचा चेहरा उतरला होता. फादरनी मनाई केली, तर वडील दुसऱ्या दिवसापासून तिला घरी बसवणार, हे तिला माहीत होतं. सर उगाच कोटाचं बटण लावत-काढत राहिले. शेवटी मोऱ्यांनीच खुर्ची ओढली आणि फादरना मायक्रोस्कोपपुढे बसवलं.

फादर डोळा लावून पाहत राहिले. लाल रंगवलेली गुणसूत्रं, दोन बाजूंना ओढली जात असलेली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "फार सुंदर आहे. हे रोज चालतं?"

"रोज, फादर," ॲग्नेस म्हणाली. मग तिला राहवलं नाही. लपवून पुढे गेलेलं तिला नको होतं. "पण फादर, आमच्या कामातून असं दिसतंय की हे दोन टाकळे वेगळे असले, तरी फार पूर्वी एकाच पूर्वजापासून निघाले."

आम्ही सगळे फादरकडे बघत होतो.

फादर छत्री उचलत म्हणाले, "मुली, आम्ही दर रविवारी दुसरं काय सांगतो?"

ॲग्नेसचं काम चालू राहिलं. तिच्या आईनं आणखी दोन बरण्या पाठवल्या.

*

पुढे वडाळ्याला मिठागरांच्या कडेला मोऱ्यांना एक जागा सापडली. तिथे दोन्ही टाकळे शेजारी शेजारी उगवत. ही मोठी गोष्ट होती. एकाच मातीत, एकाच पावसात वाढूनही ठिपके वेगळे आले, तर फरक मातीचा नाही हे सिद्ध होणार होतं.

पावसाळ्यात मोरे आणि मी जाऊन कोवळी रोपं घेऊन आलो. मोऱ्यांनी आधी शेंगा पाहून जागा खुणावल्या होत्या, त्यावरून एका प्रकाराला तांबडा दोरा बांधला, दुसऱ्याला पांढरा. शनिवार होता, लॅबला कुलूप. मी रोपं गिरगावात घरी नेली आणि मोरीत बादलीत पाणी घालून ठेवली. सर म्हणाले, उद्या रविवारी मीच येऊन बघतो.

रविवारी सकाळी मी देवळात जाऊन आले तर बादली रिकामी.

"आई, बादलीतली रोपं?"

"चिरली," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "छान कोवळी होती. मुगाची डाळ घातलीय. दोरे सोडून ठेवलेत खिडकीत, कामाला येतील."

तेवढ्यात दारात सर. आईनं त्यांना आत घेतलं, पाट मांडला, जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणून सांगितलं. मी कसंबसं झालेलं सगळं त्यांच्या कानावर घातलं. सर हात धुऊन पाटावर बसले.

आईनं भाजी वाढली, वर ओलं खोबरं. सरांनी पहिला घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला. पुन्हा भाजी मागितली.

आई खूश. "आवडली ना?"

"उत्तम झालीय," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "चवीला दोन्ही एकच आहेत. हे प्रबंधात येता कामा नये."

पुढच्याच आठवड्यात आम्ही पुन्हा वडाळ्याला गेलो. रोपं शिल्लक होती. ठिपके वेगळे आले.

*

शेवटी मोऱ्यांची तोंडी परीक्षा.

परीक्षक बाहेरगावचे, मोठे गृहस्थ. दोन्ही टाकळे एकच, असं आपल्या पुस्तकात छापणाऱ्यांतलेच ते एक. आम्हाला हे कळलं तेव्हा ॲग्नेस म्हणाली, "झालं कल्याण." मोऱ्यांच्या वडिलांचे गिरणीतले दिवस संपत आले होते आणि लेक्चररची जागा या पदवीवर अडली होती.

परीक्षा सरांच्या खोलीत झाली. दार अर्धवट उघडं होतं. मी आणि ॲग्नेस बाहेर बाकावर बसून ऐकत होतो.

परीक्षक माणूस वाईट नव्हता, पण हटायला तयार नव्हता. पुन्हा पुन्हा एकच म्हणायचा, "अहो मोरे, मी आयुष्यभर ही झाडं पाहिली. पान सारखं, फूल सारखं, बी सारखं. वरून सारख्या दिसणाऱ्यांत भेद कशाला करायचा? देठाची लांबी ही काय गोष्ट आहे?"

मोरे शांतपणे एकेक कागद पुढे ठेवत गेले. ठिपके. गुणसूत्रं. वडाळ्याची रोपं. दोघांचा संकर करून पाहिला तर बी धरत नाही, तेही दाखवलं. आवाज जरासुद्धा चढला नाही.

तासाभरानं सरांनी चहा मागवला. मी ट्रे घेऊन आत गेले. परीक्षकांनी कागद बाजूला सारले, खुर्चीत रेलून बसले. आता वातावरण जरा सैल झालं होतं.

"काम कष्टानं केलंय," ते म्हणाले. "बरं, मोरे म्हणजे जावळीकडचे का?"

"नाही सर. आम्ही रत्नागिरीकडचे."

"तिकडचे मोरे? म्हणजे मराठाच ना?"

"नाही."

"मग कोण म्हणायचे?"

सरांनी हातातला कप तसाच धरला होता. आदल्याच वर्षी मोऱ्यांच्या घरानं बौद्ध धर्म घेतला होता. ते आम्हा तिघांना ठाऊक होतं, आणि त्याआधी काय होतं तेही. मी ट्रे घेऊन तिथेच उभी राहिले.

मोऱ्यांनी परीक्षकांच्या कपात साखर घातली, ढवळली आणि कप त्यांच्यापुढे सरकवला.

"सर, मघापासून आपण म्हणत होता की वरून सारख्या दिसणाऱ्यांत भेद करू नये. मी म्हणत होतो, करावा. आता आपण बाजू बदलू या का?"

परीक्षकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत लावला. चहाला हात लावला नाही.

मग ते नेरूरकर सरांकडे वळले.

"सही कुठे करायची?"