दादासाठी श्वासनलिका

माझा थोरला भाऊ चाकणच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारायचा. शिक्षण सोडून तो एका आडत्याच्या गाळ्यावर लागला आणि तिथेच रमला. त्याच्या वयाची गावातली बाकीची पोरं कंपन्यांत गेली, शिफ्टच्या बसमधून येऊ-जाऊ लागली. दादाला मात्र ढिगाशेजारी उभं राहून भाव चढवत न्यायचं वेड होतं. एखादा व्यापारी गप्प बसला की तो त्याच्याकडे बघून असं काही बोलायचा, की सगळे हसायचे आणि त्या हसण्यात बोली वर सरकायची. बाजाराच्या फाटकापाशीसुद्धा त्याचा आवाज ओळखू यायचा.

मी शिकले, लग्न होऊन रावेतला आले आणि पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत लागले. आमचा गट खराब झालेल्या श्वासनलिकेवर काम करतो. खाटिकखान्यातून आणलेली बकरीची श्वासनलिका आम्ही औषधांच्या पाण्यात धूत राहतो. तिच्यातल्या पेशी निघून गेल्या की मागे पांढरा सांगाडा उरतो. त्यावर नव्या पेशी वाढवायच्या. म्हणजे कधीतरी रोग्याच्या स्वतःच्याच पेशींची नळी त्याला देता येईल, अशी ती कल्पना. आईला मी हे एकदा समजावून सांगितलं, तर तिने गावभर केलं, "माझी लेक नरड्याच्या नळ्या बनवती."

मग नाशिक रस्त्यावर दादाच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं.

तो बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होता. वाचला. घरी आला तेव्हा आईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पण काही आठवड्यांतच त्याच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. जिना चढला की थांबायचा. तो आवाज मी फोनवरच ऐकला आणि हातातलं काम तसंच टाकून निघाले. घशात इतके दिवस राहिलेल्या व्हेंटिलेटरच्या नळीने आतून जखम झाली होती आणि ती भरताना श्वासनलिका आवळत चालली होती.

डॉक्टरांनी ती दोनदा रुंद केली, दोन्ही वेळा ती पुन्हा आवळली. शेवटी गळ्याला खालून भोक पाडून नळी बसवली. श्वास सुटला, पण वर हवाच जाईना, त्यामुळे आवाज पूर्ण गेला. "खराब भाग लहान असता तर कापून दोन टोकं जोडली असती. हा फार लांब आहे, आणि स्वरयंत्राच्या अगदी जवळ," डॉक्टर म्हणाले.

दादा ओठ हलवायचा आणि वहिनी ते वाचून आम्हाला सांगायची. काही दिवसांतच ती इतकी तरबेज झाली, की त्याच्या शिव्यासुद्धा त्याच्याच ठेक्यात द्यायची. मग स्वतःच लाजायची. त्या घरात तेव्हा एवढंच हसू होतं.

एका रविवारी आई माझ्याजवळ येऊन बसली. "तू ग का बोलत न्हाईस? तुमच्या तिथंच बनत्यात ना नळ्या?"

"आई, त्या माणसाला बसवण्यासारख्या नाहीत अजून."

"मग कवा व्हतील?"

दादा समोरच बसला होता. त्याचे ओठ हलले आणि वहिनी म्हणाली, "म्हणतायत, मला बघायचंय."

मी परवानगी काढली आणि दोघांना प्रयोगशाळेत घेऊन गेले. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता, गळ्याभोवती रुमाल बांधला होता. मी त्याला बरणीतली पांढरी नळी दाखवली. त्याने बरणी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि कितीतरी वेळ बघत राहिला.

"म्हणतायत, दिसायला तर चांगली आहे."

"दादा, हिला रक्त पोचत नाही," मी म्हणाले. "आत बसवली की मऊ पडते, मिटते. आणि आपल्या नळीत कफ वर ढकलणारे बारीक केस असतात, ते हिच्यात नीट उगवत नाहीत. परदेशात घाईने अशा नळ्या बसवल्या होत्या. त्यातली बरीच माणसं गेली."

वहिनी त्याच्या ओठांकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणतायत, माझ्यावर करून बघ. सही देतो. आवाज नसलेला माणूस असून काय उपयोग?" आणि पुढचं तिचं स्वतःचं होतं, "असं बोलू नका हो."

"दादा, मी तुला मारणार नाही," मी म्हणाले. त्याने बरणी टेबलावर ठेवली, माझ्या डोक्यावर हात फिरवला आणि बाहेर जाऊन बाकावर बसला.

त्यानंतर तो बाजारात एकदाच गेला. लोकांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला. दुसराच कुणी पुकारत होता. लिलाव संपायच्या आत तो घरी परतला.

थंडीत त्याला कफ झाला. वहिनी रोज मशीनने नळी साफ करायची. एका दुपारी कफाची गुठळी घट्ट अडकली, ती निघेना. शेजाऱ्याने गाडी काढली. पण शिफ्ट सुटली होती. चौकात कंपन्यांच्या बस आणि ट्रक एकमेकांत अडकून पडले होते. वहिनीने खाली उतरून हात जोडले, लोकांनी गाड्या मागे-पुढे करून वाट काढायचा प्रयत्न केला. दवाखाना समोर दिसत होता. दादा गाडीतच गेला.

दहाव्याला घाटावरून आल्यावर वहिनीने मला विचारलं, "ताई, तुम्ही तिथं इतकी वर्षं काय करताय मग?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजत नव्हतं. मी तिचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

मी कामावर परत गेले. सहकाऱ्यांनी माझ्यासाठी डबे आणले, कुणी काही विचारलं नाही. आमचा प्रयोग चालूच आहे. गेल्या महिन्यात एका सांगाड्याच्या कडेला बारीक रक्तवाहिन्या शिरलेल्या दिसल्या. सगळे सूक्ष्मदर्शकाभोवती गोळा झाले, कुणीतरी पेढे आणले. मीही बघितलं. खरंच होत्या. मग हात धुवायला गेले आणि नळ सोडून तिथेच रडत उभी राहिले.

वहिनी आता एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जाते. भेटली की मुलांचं, आईच्या गुडघ्यांचं बोलते. माझ्या कामाचं विचारत नाही. ती बातमी मी तिला अजून सांगितलेली नाही.